दंत महाविद्यालयाचा प्रवेश आणि सराव प्रश्नपत्रिका

बारावीची लेखी परीक्षा आटोपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जे सहा-सात आठवडे हाती उरतात, ते दंतवैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. बी. डी. एस. या पदवीसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा नाही. २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय व दंतवैद्यकीय या दोन्ही अभ्यासक्रमांचे प्रवेश राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेश परीक्षेच्या, म्हणजेच 'नीट'च्या गुणांवर होत आले आहेत. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मोजक्या ठिकाणी आहेत. मुंबईत महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. तेथील जागा थोडक्या गुणांनी हुकली, तर शेतकरी वा शेतमजूर कुटुंबापुढे दोनच मार्ग राहतात : खाजगी महाविद्यालयाचे शुल्क कर्ज काढून भरणे, किंवा मुलाचे आणखी एक वर्ष खर्ची घालणे. हे थोडके गुण कोठे गळतात, याचा शोध सराव प्रश्नपत्रिकांच्या साहाय्याने घेता येतो. दुर्दैवाने बहुसंख्य विद्यार्थी त्यांचा उपयोग केवळ 'किती गुण पडले' एवढेच पाहण्यासाठी करतात.

वाचन आणि आठवण

एखादे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचले की ते ओळखीचे वाटू लागते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा समज होतो. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले : दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के भाग आठवला, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्या जुन्या शाळांतून पाढे म्हणवून घेण्याची जी पद्धत होती, तिच्यातही पुस्तक मिटलेलेच असे.

तथापि बहुपर्यायी प्रश्नांत एक धोका आहे. चुकीचा पर्याय निवडला आणि तो चुकल्याचे वेळीच कळले नाही, तर तोच पर्याय बरोबर म्हणून मनात घर करून बसतो. म्हणूनच न तपासलेली सराव प्रश्नपत्रिका ही न सोडवलेल्या प्रश्नपत्रिकेपेक्षा वाईट, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गुणांचा हिशेब

२०२५ साली झालेल्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावयाचे होते : भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, कोऱ्या सोडलेल्या प्रश्नास शून्य; एकूण गुण ७२०. याचा अर्थ असा की चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की ४ नव्हे तर ५ गुणांचा फरक पडतो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने १६५ प्रश्न सोडवले. ११० बरोबर आले, ५५ चुकले. तिचे गुण ४४० वजा ५५, म्हणजे ३८५. त्या ५५ चुकांपैकी २० चुका प्रश्नातील 'नाही' हा शब्द न वाचणे, एकक बदलण्यास विसरणे किंवा शेजारचे वर्तुळ भरणे अशा स्वरूपाच्या असतील आणि तेवढ्याच टळल्या, तर तिचे गुण ४८५ होतात. या १०० गुणांसाठी तिला एकही नवे प्रकरण वाचावे लागलेले नाही.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न शिक्षकांना नेहमी विचारला जातो आणि 'मुळीच देऊ नये' असे उत्तर बहुधा मिळते. हिशेब थोडा निराळा आहे. चारांपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल, तर अशा चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील. मिळकत अवघा १ गुण, तोही नशिबाच्या हवाली. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर तशाच चार प्रश्नांत सरासरीने ६ गुण पदरात पडतात. ही 'खात्री' कितपत खरी असते, हे ज्याचे त्याने सराव प्रश्नपत्रिकेत अंदाजाच्या प्रश्नांपुढे खूण करून पडताळून पाहावे. काहींचे अंदाज चांगले असतात, काहींना ते आहेत असे नुसते वाटते.

चुकांची वही

प्रश्नपत्रिका सोडवण्यास तीन तास लागतात. ती तपासण्यास निदान तेवढेच द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक चुकीचा प्रश्न पुन्हा, उत्तर न पाहता, सोडवावा. आता तो सुटला तर चूक घाईची अथवा वाचनाची होती. सुटला नाही तर तो भाग मुळातच आलेला नाही. वहीत प्रश्नाचा क्रमांक, प्रकरण आणि चुकीचे कारण एका ओळीत लिहिले तरी पुरे. पाच-सहा प्रश्नपत्रिकांनंतर ही वही बोलू लागते. चुका सगळीकडे विखुरलेल्या नसतात, तीन-चार प्रकरणांत आणि एक-दोन सवयींत त्या दाटलेल्या असतात.

पुस्तकांची आवृत्ती हा यातील दुर्लक्षित भाग आहे. २०२४ च्या परीक्षेत अणूंविषयीच्या एका प्रश्नास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या जुन्या पुस्तकानुसार एक आणि नव्या पुस्तकानुसार दुसरे उत्तर येत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर जुलै २०२४ मध्ये एकच उत्तर ग्राह्य ठरले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. थोरल्या भावाची पुस्तके वापरण्यात काटकसर आहे खरी, परंतु ती नव्या आवृत्तीशी एकदा ताडून पाहावीत. बाजारातील संचांच्या उत्तरसूचीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. राष्ट्रीय चाचणी संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका व त्यांच्या अंतिम उत्तरसूची विनामूल्य उपलब्ध आहेत.

भाषेची निवड

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला विज्ञान शाखा इंग्रजीतून घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यापुढे ही अडचण खास आहे. 'नीट'ची प्रश्नपुस्तिका मराठीतही मिळते. तीत मराठीबरोबर इंग्रजी मजकूर असतो व भाषांतराबाबत शंका उद्भवल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जातो. ही निवड अर्ज भरतानाच करावी लागते. 'ऑस्मॉसिस' शिकलेल्या मुलाला प्रश्नपत्रिकेत 'परासरण' दिसले तर तो अडखळणारच. उलट लांबलचक विधानांचे प्रश्न काहींना मातृभाषेतून झटकन उमगतात. तेव्हा अर्जापूर्वी किमान दोन प्रश्नपत्रिका मराठीतून व दोन इंग्रजीतून सोडवून, वेळ आणि गुण या दोहोंची तुलना करून निर्णय घ्यावा. प्रतिष्ठेचा विचार येथे कामाचा नाही.

स्थळ आणि वेळ

ही परीक्षा अलीकडे बहुधा मे महिन्यात दुपारी २ पासून होत आली आहे. पहाटे चारला उठून अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या वेळी नेमकी पेंग येते. शेवटच्या महिन्यात सराव त्याच वेळी, एका बैठकीत, घड्याळ समोर ठेवून व्हावयास हवा. जीवशास्त्रास ५० मिनिटे, रसायनशास्त्रास ५०, भौतिकशास्त्रास ६५ आणि उरलेली १५ मिनिटे राहिलेल्या प्रश्नांसाठी, अशी वाटणी करून पाहावी व अनुभवाने बदलावी. वर्तुळे भरण्याच्या उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रती काढून त्यांवरच काळ्या बॉलपेनने उत्तरे नोंदवावीत. भरलेले वर्तुळ बदलता येत नाही, ही गोष्ट केवळ सांगून हाताला उमगत नाही.

घरात हे जमणे कठीण असते. एक खोली, पाहुणे, लहान भावंडे, लग्नसराई! येथे ग्रामपंचायतीची अभ्यासिका वा सार्वजनिक वाचनालय उपयोगी पडते. एप्रिलमध्ये शाळेचे वर्गही दुपारी रिकामे असतात. आठवड्यातून दोन दुपारी एक वर्ग उघडा ठेवणे, मागील प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढून देणे आणि भिंतीवर चालू घड्याळ लावणे, एवढ्यास फार मोठी तरतूद लागत नाही. विज्ञानाचे एखादे निवृत्त शिक्षक दुसऱ्या दिवशी तासभर आले तर तपासणीचे कामही मार्गी लागते. गुणांची यादी फळ्यावर लावण्याचा मोह मात्र टाळावा. खालच्या क्रमांकाचा विद्यार्थी पुढच्या दुपारी येत नाही, आणि खरी गरज त्यालाच असते.

शेवटची संपूर्ण प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी चार-पाच दिवस सोडवावी. त्यानंतर नवा संच उघडू नये. उरलेल्या दिवसांत फक्त चुकांची वही वाचावी.