अंजिराची काडी घरांत रुजविण्याची रीत

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचें मुख्य पीक धान; अंजीर हें आपल्याकडील नेहमींचें झाड नव्हे. तथापि त्याचा भाऊबंद उंबर आपल्या नदीनाल्यांच्या कांठीं सर्वत्र आहे, आणि घरामागील वाडींत अंजिराचीं दोनचार झाडें असावीं अशी हौस पुष्कळांस असते. त्यासाठीं काड्या आणून लावल्याही जातात. बहुधा असें होतें कीं, पंधरावीस दिवसांत काडीस हिरवें पान फुटतें, घरचीं माणसें आनंदानें पाणी वाढवितात, आणि थोड्याच दिवसांत पान मान टाकतें व काडी काळी पडते. मग 'आपली हवा अंजिरास मानवत नाहीं' असा निकाल दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. पान अगोदर येतें व मूळ मागाहून येतें. त्या मधल्या दिवसांत काडी एकतर सुकून मरते किंवा पाण्यांत कुजून मरते. ते मधले दिवस कसे निभवावे, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

काडीच कां घ्यावी?

उंबर फोडला असतां आंत बारीक चिलटें दिसतात. तीं उगाच शिरलेलीं नसतात. उंबराच्या पोटांतील फुलांचें परागण तींच करितात. या कुळांतील बहुतेक झाडांस आपआपलें चिलट लागतें. पुरंदर तालुक्यांत पिकणारें अंजीर मात्र परागणावांचून फळ धरणाऱ्या जातीचें आहे. म्हणून त्याची बी पोकळ असते व उगवत नाहीं. परदेशी सुक्या अंजिराची बी कधीं कधीं उगवते, परंतु तिजपासून आईसारखें झाड मिळत नाहीं, व चिलटावांचून फळ न धरणारें झाड मिळण्याचा संभव असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत स्मर्ना जातीचीं झाडें जोमानें वाढूनही फळें कच्चींच गळत. तें चिलट १८९९ सालीं तेथें स्थिरावलें तेव्हां कोठें फळ टिकूं लागलें. आपल्याकडे त्या चिलटाचा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून महाराष्ट्रांत ज्या झाडानें फळ दिलेलें आहे त्याचीच काडी घ्यावी.

दुसरें कारण जमिनीचें आहे. मुळांसकट तयार रोप आणल्यास त्याच्या मातींतून सूत्रकृमि येण्याचें भय असतें. हा डोळ्यांस न दिसणारा जीव मुळांवर गांठी करितो, आणि एकदां जमिनींत शिरला म्हणजे त्याचें निर्मूलन कठीण. काडीस मूळही नसतें व मातीही नसते. त्यामुळें ही पीडा तिजबरोबर येत नाहीं. परंतु झाडाच्या अंगांत भिनलेला रोग काडीबरोबर खचित येतो. ज्या झाडाचीं पानें पिवळ्या डागांनीं कबरीं झालीं असतील किंवा वेडींवांकडीं येत असतील, त्याची काडी फुकट मिळाली तरी घेऊं नये.

पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच तालुक्यांत जाधववाडी येथें अंजीर व सीताफळ यांचें संशोधन केंद्र आहे. दौलताबादेकडेही अंजिराच्या जुन्या बागा असून 'दिनकर' ही जात तिकडील झाडांतून निवडलेली आहे. छाटणीच्या वेळीं बागाइतदार पुष्कळ फांद्या टाकून देतो. अगोदर पत्र घालून अथवा फोन करून सांगून ठेविल्यास निरोगी, फळत्या झाडाची काडी मिळविणें अवघड नाहीं.

काडीची निवड व वेळ

काडी गेल्या वर्षाच्या वाढीची, पिकलेली, तपकिरी सालीची व बोटाएवढी जाड असावी. कोंवळें हिरवें शेंड्याचें लांकूड कुजतें. लांबी वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर, व तिच्यावर चार ते सहा डोळे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगत खालीं सरळ घ्यावा. वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर तिरपा घ्यावा. त्यामुळें उलटसुलट लागण्याची चूक होत नाहीं. कापावाटे पांढरा चीक येतो. तो कातडीस लागून वर ऊन पडल्यास फोड येतात. यास्तव हात लगेच धुवावे व मुलांस दूर ठेवावें.

ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ आपल्या हवेस उत्तम. शेवगा किंवा पांगारा यांचे दांडे मृगांत कुंपणास रोवले म्हणजे आपोआप जगतात, तीच रीत अंजिरास लावूं नये. बोटाएवढी काडी जून-जुलैच्या चिखलांत कुजते, आणि फाल्गुनानंतर लावलेल्या काडीचें पान मूळ येण्यापूर्वींच उन्हानें करपतें.

प्रवासाकरितां काड्या ओलसर कागदांत गुंडाळून वरून प्लास्टिक बांधावें. घरीं येतांच त्या स्वच्छ पाण्यानें धुवाव्या व ताम्रयुक्त बुरशीनाशकाच्या द्रावणांत, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणानें, बुडवून सावलींत निथळूं द्याव्या. मूळ फुटण्याची औषधी पूड बाजारांत मिळते. ती लावल्यास हरकत नाहीं, परंतु अंजीर तिच्यावांचूनही रुजतें.

भांडें व माध्यम

शेणखत व काळी माती या वेळीं मुळींच नको; त्यांत बुरशी वाढते. घरबांधणीच्या जाड रेतींतून दोन पायल्या रेती धुवून घ्यावी व तितकेंच जळकें तूस तींत मिसळावें. तूस आपल्या प्रत्येक धानगिरणीवर मिळतें. तें काळें होईपर्यंतच जाळावें व लगेच पाणी मारून विझवावें. पांढरी राख होऊं दिल्यास ती खारट असते व मुळांस बाधते. जळलेलें तूस दोनदां पाण्यानें धुवून घ्यावें.

भांडें म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा उंच पेला सर्वांत सोईचा. बुडाशीं चारपांच भोकें पाडावीं व तो पेला काळ्या डब्यांत ठेवावा. पेला वर उचलला कीं मूळ आलें किंवा नाहीं तें काडी न उपटतां दिसतें. काडी उपटून पाहण्याच्या उतावळेपणानें कोंवळीं मुळें तुटतात.

माध्यम मुठींत दाबलें असतां गोळा व्हावा, पण थेंब पडूं नये, इतकेंच ओलें असावें. काडीचा दोनतृतीयांश भाग त्यांत पुरून एकदोन डोळे वर ठेवावे.

मधले दिवस

मूळ फुटण्यास साधारण २० ते २७ अंशांची ऊब लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारींत रात्रीं पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. म्हणून पेले अंगणांत न ठेवितां माजघरांत, चुलीच्या भिंतीलगत परंतु धुरापासून दूर ठेवावे. वर पारदर्शक पिशवी सैल घालावी, म्हणजे हवेंतील ओल टिकते. दररोज पांच मिनिटें पिशवी उघडून हवा बदलावी. पान फुटेपर्यंत उजेडाची गरज नाहीं. पान फुटतांच पेला उत्तरेकडील खिडकीशीं किंवा ओसरीच्या उजेडांत न्यावा, उन्हांत नव्हे.

आतां मुख्य गोष्ट. पहिलें पान काडींत सांठलेल्या अन्नावर फुटतें. तें जमेचें लक्षण नसून खर्चाचें आहे. पान दिसलें म्हणून पाणी वाढवूं नये, खत देऊं नये, पिशवी काढूं नये. भांडें उचलून हलकें लागलें तरच दोन चमचे पाणी कडेनें द्यावें. चार ते आठ आठवड्यांत पेल्याच्या कडेस पांढरीं मुळें दिसूं लागतात. तीं दिसलीं म्हणजेच काडी जगली असें लिहावें; त्यापूर्वीं नाहीं. प्रत्येक पेल्यास क्रमांक देऊन लावणीची, पानाची व मुळाची तारीख वहींत टिपावी. महसुली नोंदींत ज्याचें आयुष्य गेलें त्याला तारखेवांचून नोंद खरी वाटत नाहीं. शेतकऱ्यानेंही वाटूं देऊं नये. दुसऱ्या वर्षीं हीच वही सर्वांत उपयोगी पडते.

बाहेर काढणें

मुळें भरपूर झाल्यावर पिशवीस भोकें पाडीत आठदहा दिवसांत ती पूर्ण काढावी. नंतर दोन भाग माती, एक भाग कुजलेलें शेणखत व एक भाग रेती अशा मोठ्या कुंडींत, मुळांभोवतालचें माध्यम न फोडतां, रोप बदलावें. मे महिन्यांत चंद्रपुरास पारा ४५ अंशांवर जातो. तो पहिला उन्हाळा रोपानें मांडवाखालीं काढावा. सकाळचें कोंवळें ऊन पुरे. कुंडीवर सागाच्या किंवा पळसाच्या पानांचें आच्छादन घालावें.

जमिनींत लावणी पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धांत करावी. धानाच्या बांधींत अंजीर कदापि लावूं नये. सांचलेलें पाणी त्यास सोसत नाहीं. घराजवळची उंच, निचऱ्याची जागा पाहून हातभर उंचीचा वरंबा करावा व दोन झाडांत पांच मीटर अंतर ठेवावें.

आपल्या दमट पावसाळ्यांत पानांवर तांबेरा पडून पानगळ होते, हें लक्षांत ठेवून उन्हाळ्यांत पिकणारा बहार, ज्यास पुरंदराकडे मीठा बहार म्हणतात, तोच धरावा. पहिल्यानें दोनचार झाडेंच लावावीं व तीं दोन पावसाळे कशीं काढतात तें पाहावें. त्यापूर्वीं कर्ज काढून एकरभर बाग करणें शहाणपणाचें नव्हे. झाडें टिकलीं तर पुढील काड्या घरच्याच झाडाच्या असतील व त्यांस दाम पडणार नाहीं. न टिकलीं तर गेलें तें पसाभर रेती व तूस. शेत व पत दोन्ही शाबूत राहतील.