तान्ह्यांना घेऊन मिकीच्या गावी

अगं, ऑरलँडोचं ठरलं म्हणालीस तेव्हाच फोनवर सगळं सांगणार होते. पण एक कडेवर आणि एक पायाशी असताना तुझ्या कानात काय शिरणार? म्हणून लिहूनच काढते, विमानात वाच.

टँपाहून डिस्ने वर्ल्ड मोटारीने दीडेक तासावर. त्यामुळे पुण्याहून येवो की न्यू जर्सीहून, कुणाकडेही लहान मूल असलं की पहिला मुक्काम आमच्या घरी ठरलेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही. इतकी पोरं तिथे फिरवल्यावर एवढं नक्की सांगते की मोठ्यांनी आखलेला दिवस लहान मूल पाळत नाही. दिवस त्याच्या झोपेभोवती आणि भुकेभोवती आखला, तर ऊन, गर्दी, रांगा सगळं निभतं.

१. चार पार्कांपैकी एकच धर, मॅजिक किंगडम – १९७१ साली सगळ्यांत आधी उघडलेलं हेच, आणि मांडीवरच्या मुलाला घेऊन बसता येतील अशा राइड्स इथेच सर्वांत जास्त. बाकीची तीन थोरली शाळेत गेल्यावर बघू.

२. जूनची तारीख धरलीस ते बरं केलंस – थोरली गणपतीत तीनची होईल, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट लागत नाही. विमानातली मांडीवरची सवलत मात्र दुसऱ्या वाढदिवसालाच संपते, तेव्हा तिची सीट विसरू नकोस.

३. दोघांच्या कार सीट घरूनच आण – फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत त्या कायद्यानेच लागतात, आणि इथल्या बहुतेक विमान कंपन्या त्यांचे वेगळे पैसे घेत नाहीत. ‘पाचच मिनिटांचं तर अंतर, मांडीवर घेते’ हे तुमच्याबरोबर येणारी ताई, म्हणजे तुझी आई, म्हणेल, तू ऐकू नकोस.

४. औषधांचा डबा ताईच्या हाती देण्याआधी एकदा स्वतः वाच. भारतातून आणलेल्या तान्ह्यांच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि इथल्या बाटलीत पाच मिलिलीटरला १६० – म्हणजे इथलं माप लावून तिथले थेंब पाजले तर तिप्पट औषध पोटात जातं. एकच बाटली बरोबर घे, आणि दोघांचं आजचं वजन व तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला डोस तिच्यावर चिकटव.

५. मनगटातले काळे मणी आणि पायातले घुंगरांचे वाळे त्या दिवशी घरी ठेव – गाडीच्या पट्ट्यात अडकून दोरा तुटला की मणी थेट तोंडात. दृष्ट लागेल वाटत असेल तर तीट लाव, ती गिळता येत नाही.

६. एल्साचा झगमगीत झगा थोरली मागेलच. तो पिशवीत घाल, अंगात सुती फ्रॉक असू दे – झगा फोटोपुरता दहा मिनिटं चढवायचा, नाहीतर त्या जाळीने काखा आणि मान लाल होतात.

७. खाणं घरून न्यायला तिथे मुभा आहे, फक्त काचेचं भांडं आणि सुटा बर्फ नको. दशम्या, तूप-मेतकुटाचा मऊ भात, केळी, राजगिऱ्याचा लाडू – भुकेलं पोर आधी रांग मोडतं, मग आईचा धीर. द्राक्षं नेलीस तर उभी चिरून ने, अख्खी घशात अडकतात.

आता दिवस उजाडल्यावरचं.

८. पार्क उघडायच्या वेळेआधी दीड तास निघ, हॉटेल कितीही जवळ असलं तरी. मॅजिक किंगडमच्या दाराशी मोटार जातच नाही – तळावर लावायची, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळं ओलांडायचं, आणि त्यात पाऊण तास सहज जातो. फेरीबोट घे, बाळांच्या गाडीची घडी घालावी लागत नाही, वारा लागतो, आणि समोर किल्ला मोठा होत जाताना थोरलीचा चेहरा बघण्यासारखा असतो.

९. बाळांची गाडी ढकलायचीच हवी, ओढायची वॅगन नको – २०१९ पासून वॅगन आत सोडत नाहीत. ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब असलेली गाडीही दारातूनच परत पाठवतात.

१०. गाडीच्या दांड्याला जुन्या ओढणीची भडक चिंधी बांध – राइडवरून परत येईतो तिथले कर्मचारी सगळ्या गाड्या हलवून नीट ओळीत लावतात, आणि शंभर काळ्या गाड्यांत तुझी कुठली ते कळत नाही. गाडी दिसली नाही तर घाबरू नकोस, शेजारच्या ओळीत असते; पाकीट आणि पासपोर्ट मात्र अंगावरच ठेव.

११. थोरली सकाळी ऐटीत म्हणेल, ‘मी चालणार’. चालू दे, पण तिची जागा रिकामी ठेव – जी सकाळी धावते तीच दुपारी रस्त्यात बसते.

१२. सकाळी सकाळी तिचा एक फोटो काढ, कपडे आणि चपला दिसतील असा – हरवलेल्या मुलाचं वर्णन करताना भल्याभल्यांना फ्रॉकचा रंग आठवत नाही. दंडावर पेनने तुझा फोन नंबर लिही, आणि पांढऱ्या लंबगोल बिल्ल्यावर नाव असलेली माणसं दाखवून ठेव: ‘आई दिसली नाही तर यांच्याकडे जायचं.’

१३. आत शिरल्यावर मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेसच्या बाजूला बेबी केअर सेंटर आहे, ते राइडच्या आधी बघून ठेव. अंगावर पाजायला शांत खोली, लंगोट बदलायची टेबलं, उंच खुर्च्या, दूध-भात गरम करायला मायक्रोवेव्ह, आणि शेजारीच प्रथमोपचार – पोर किंचाळत असताना नकाशा वाचता येत नाही. चुकलेली मुलंही तिथेच आणून बसवतात, म्हणून जावईबापूंनाही ती जागा दाखव.

१४. तान्हं तेव्हा पाच महिन्यांचं असेल. उन्हाळा म्हणून ताई मायेने चमच्याने पाणी पाजायला जाईल. तिला हळूच थांबव – सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी सोसत नाही, इवल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं मीठ उतरतं. दूधच जास्त वेळा पाज. तुम्ही मोठ्यांनी मात्र पाणी पीत राहा. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला की फुकट मिळतो.

१५. हे नीट वाच. गाडीवर दुपटं अंथरून तान्ह्याला झाकू नकोस, ते कितीही पातळ असलं तरी – आत वारा कोंडतो, बघता बघता गाडीची भट्टी होते आणि वरून बाळ छान झोपलेलं दिसतं. गाडीचं छत पुढे ओढ, छोटा पंखा अडकव, आणि येताजाता मानेमागे हात घालून बघ. मान घामेजली की लगेच थंड खोली गाठ. सहा महिन्यांखाली सनस्क्रीनही शक्यतो नको म्हणतात, तेव्हा सावली आधी, मौज नंतर.

१६. उघडल्यापासूनचे पहिले दोन तास फँटसीलँडला दे – डंबो, पीटर पॅन, विनी द पू यांच्या रांगा दुपारी दुप्पट होतात. डंबोत बसलीस की वर-खाली करायचा दांडा थोरलीच्या हाती दे. हत्ती आपण उडवतोय हे तिला कळलं की पुढचा तासभर ती तुझं ऐकेल.

१७. उंचीची अट नाही म्हणजे भीती नाही, असं समजू नकोस. ‘पायरेट्स’मध्ये अंधारात बोट एकदम खाली जाते आणि हाँटेड मॅन्शनच्या सुरुवातीलाच दिवे जातात – एकदा अंधारात घाबरलेलं मूल दिवसभर कुठल्याच दारातून आत जात नाही. पहिली राइड ‘स्मॉल वर्ल्ड’ची ठेव.

१८. जावईबापूंना सेव्हन ड्वॉर्फ्सच्या खाणगाडीत बसायचंय, माहीत आहे मला. तिथे उंची ३८ इंच लागते, थोरली भरायची नाही; तेव्हा दाराशी ‘रायडर स्विच’ माग – एकजण मुलांपाशी थांबतो, आणि पहिला परत आला की दुसऱ्याला पुन्हा मोठी रांग लावावी लागत नाही. तूही जा हं, नुसती बाहेर पिशव्या धरून उभी राहू नकोस.

१९. मिकी टीव्हीवर वीतभर असतो, समोर येतो तो बापाएवढा. थोरली मागे सरली तर ढकलू नकोस. आधी तू जाऊन हात मिळव, तिला लांबून बघू दे – भीती तिची, वेळही तिचाच. फोटो नाही आला तरी चालेल.

२०. शू करायला नेशील तेव्हा चिकटणाऱ्या कागदांची छोटी वही खिशात ठेव. तिथल्या कमोडमागे लाल डोळ्यासारखा सेन्सर असतो; इवलंसं मूल वर बसलं की सेन्सरला ते दिसतच नाही आणि पोर बसलेलं असतानाच खालून धो धो पाणी सुटतं – मग लंगोट सुटलेलं मूलसुद्धा आठवडाभर संडासात जायला तयार होत नाही. बसवण्याआधी डोळ्यावर कागद चिकटव, पोर बाहेर दाराशी पोचलं की काढ.

२१. साडेअकराला जेवण, साडेबाराला बाहेर. हे तुला सगळ्यांत जड जाईल, कारण तिकिटाचे पैसे डोळ्यांपुढे नाचतील. पण जूनमधली फ्लोरिडाची दुपार म्हणजे आधी काहिली आणि मग बहुधा गडगडाट. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स बंदच करतात – म्हणजे ज्या वेळासाठी जीव काढायचा त्या वेळात मिळत काहीच नाही. हॉटेलवर जा, पडदे ओढ, सगळे झोपा, आणि पाचनंतर वाटलं तर पुन्हा या. तिकीट दिवसभराचंच असतं.

२२. बाहेर पडणं जमलंच नाही तर ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’मध्ये जाऊन बस – वीसेक मिनिटं थंडगार अंधार, आणि खुर्च्यांसकट सगळं नाट्यगृहच हळूहळू फिरतं, त्यात तान्ही हमखास झोपतात. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला खेळ तो. ताईला आवडेल, सगळं जुन्या घरांतलं आहे.

२३. ताईला मुलं धरायला म्हणून नेऊ नकोस. तिला डंबोत बसव, मेन स्ट्रीटच्या स्टेशनातून वाफेच्या झुकझुक गाडीत बसव, तिचा चहा थर्मासमध्ये भर – ती स्वतः कधी मागणार नाही, आणि पार्कात एका दिवसाचं चालणं तिच्या गुडघ्यांना महिन्याभराचं असतं. व्हीलचेअर तिथे भाड्याने मिळते. ‘मी काय म्हातारी झाले का’ म्हणाली तर थोरलीला तिच्या मांडीवर दे, मग बसेल.

२४. बहुतेक मोठ्या राइड्सची वाट खेळण्यांच्या दुकानातूनच बाहेर पडते. सकाळीच सांगून ठेव की एकच वस्तू, आणि ती घरी जाताना – सकाळी घेतलेला फुगा दुपारपर्यंत आकाशात असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं रडणं पुरतं.

२५. रात्रीच्या आतषबाजीसाठी किल्ल्याखाली उभी राहू नकोस. कानांवर बसणारे मऊ रक्षक दोघांनाही घाल आणि आधीच फेरीबोटीने अलीकडे येऊन तळ्याच्या काठावरून बघ – आवाज लांबून येतो, दिसतं तेवढंच छान, आणि सगळं गाव उठून निघतं तेव्हा तू मोटारीपाशी असतेस.

२६. पण पोरं त्याआधीच पेंगली तर सरळ निघ. हसतं पोर उचलायला हलकं, रडतं पोर उचलायला मणभर.

२७. दुसऱ्या दिवशी काही ठरवू नकोस – त्या दिवशी आमच्याकडे वरण-भात आणि झोप.

आणि हो, न्यू जर्सीहून जोडगाडी ओढत आणू नकोस. आमच्या गराजमध्ये एक आहे, ३० इंच रुंदीची, तिथे चालते. उजवं चाक जरा कुरकुरतं, ते यांनी कालच तेल घालून ठेवलंय. जावईबापूंना विमानतळावरून आधी इकडेच यायला सांग, आणि तान्हं हल्ली किती वाजता झोपतं ते मला आजच कळव, त्यावर आपल्याला निघायची वेळ ठरवायची आहे.