हृदयोपचाराच्या आखणीत संगणक

हृदयाची रोहिणी अरुंद झाली की तीत स्टेंट बसवावाच लागतो, असा समज आढळतो. वस्तुतः छायाचित्रात दिसणारी अरुंदता आणि रक्तप्रवाहातील तूट या भिन्न गोष्टी होत.

रक्तप्रवाह कमाल असताना अडथळ्यापलीकडील दाबाचे महारोहिणीतील दाबाशी असलेले गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी भरल्यास तूट लक्षणीय मानतात. हा दाब मोजण्यासाठी एरवी रोहिणीत तार घालावी लागते. संगणकीय पद्धतीत सीटी स्कॅनवरून रोहिण्यांची त्रिमितीय प्रतिकृती रचून द्रवगतिशास्त्राच्या समीकरणांनी तेच गुणोत्तर काढले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पद्धतीस २०१४ साली मान्यता दिली.

रत्नागिरीच्या खेड्यातून उपचारांसाठी मुंबई वा कोल्हापूर गाठणाऱ्या कुटुंबाला तारेची अनावश्यक तपासणी टळणे, हा मोठाच दिलासा होय. मात्र स्कॅन अस्पष्ट असल्यास गणितही चुकते. अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

ही पद्धत स्थिर प्रकृतीच्या रुग्णांसाठी आहे. छातीत अकस्मात तीव्र वेदना उठल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ही गोष्ट शिक्षक व पंचायत सदस्यांनी घरोघरी पोहोचविणे अगत्याचे आहे.