दाढ काढण्याआधी

उजवीकडची खालची दाढ रात्रभर ठणकत होती. सकाळी तालुक्याच्या गावी गेले आणि दाताच्या दवाखान्यात ती काढून घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "बीपी, शुगर काही?" मी नाही म्हटलं. तीन वर्षांपूर्वी याच जबड्याला शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलाय, हे सांगायचं मला सुचलंच नाही. मानेवरचा व्रण पदराखाली होता, त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

आठ-दहा दिवसांत भरायची ती जखम महिना झाला तरी भरेना. तोंडाला वास यायला लागला. शेवटी आरशासमोर बॅटरी धरून पाहिलं. दाढेच्या जागी खड्डा, आणि त्यात पिवळट पांढरं काहीतरी, जिभेला खरखरीत लागणारं. ते माझ्या जबड्याचं उघडं पडलेलं हाड होतं.

आधीचं सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मिश्री लावत होते. तव्यावर तंबाखू काळाभोर होईपर्यंत भाजायचा, वाटून डबीत भरायचा आणि सकाळी, दुपारी, रात्री बोटाने हिरडीला लावायचा. सासूबाई लावायच्या, जावा लावायच्या, शेतावर बायका एकमेकींपुढे डबी धरायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तिखट झोंबायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?" मी ठामपणे नाही म्हणाले. मिश्री म्हणजे तंबाखू, हे कधी मनातच आलं नव्हतं. माझ्या बायांनो, मिश्री हा तंबाखूच आहे, भाजला म्हणून त्याचं विष जात नाही.

तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं आणि मग शेक. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, एकूण 30 वेळा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून ते दिवस निभावले. शेक सुरू होण्याआधी हॉस्पिटलच्या दातांच्या डॉक्टरांनी दोन किडके दात काढून टाकले होते. त्यांनी बजावलं होतं, "यापुढे आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही." तो कागद मी फाईलमध्ये ठेवला, फाईल पत्र्याच्या पेटीत ठेवली. घरी सगळे म्हणाले, सुटलीस बाई. मलाही तसंच वाटलं.

हाड उघडं पडल्यावर पुन्हा परळ गाठलं, तेव्हा कारण नीट समजलं. शेकाने कॅन्सर मरतो, पण त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. वरून जबडा धडधाकट दिसतो, पण आत रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा हाडातला दात उपटला की जखम भरून यायला बळच उरत नाही आणि हाड मरायला लागतं. खालच्या जबड्याला हा धोका जास्त, आणि तो वर्ष-दोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. माझं मेलेलं हाड खरवडून काढावं लागलं. दीड वर्ष औषधं आणि खेपा चालल्या.

म्हणून सांगते. तोंडाला किंवा मानेला शेक घेतला असेल, तर कुठल्याही दवाखान्यात बसल्या बसल्या पहिलं वाक्य तेच बोला. दात दुखला तर जिथे शेक घेतला तिथे आधी विचारा. पुष्कळदा दात न काढता रूट कॅनाल करून भागतं. काढावाच लागला तर कसा नि कुठे काढायचा, ते त्यांना ठरवू द्या.

त्याहून बरं म्हणजे दात किडूच द्यायचा नाही. शेकाने लाळ आटते आणि लाळ नसली की दात भराभर किडतात. माझ्याजवळ पाण्याची बाटली सतत असते, दर थोड्या वेळाने घोट घेते. जेवल्यावर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चुळा भरते. ब्रश अगदी मऊ, पेस्ट डॉक्टरांनी सांगितलेली फ्लोराईडची. दर सहा महिन्यांनी दात दाखवते, दुखत नसले तरी.

शेकानंतरचा तोंड उघडण्याचा व्यायाम मी पहिल्या वर्षी टाळला, दुखायचं म्हणून. एरवी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात, माझ्या तोंडात एक मावेनासं झालं. भाकरीचा तुकडा जाईना. मग हॉस्पिटलमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला शिकवलं. नऊ काड्यांपासून सुरुवात केली. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. सतरापर्यंत पोचायला वर्ष गेलं. भाकरी अजून दुधात कुस्करूनच खाते, पण चमचा नीट जातो. शेक संपल्यावर लगेच मनावर घेतलं असतं तर जबडा एवढा आवळलाच नसता, असं मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं.

घरच्यांसाठी एक. लग्नाच्या पंगतीत मला बसवत नाही. ओठाच्या कडेने वरण ओघळतं, कळतही नाही. माझी सून काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ओला रुमाल ठेवते आणि स्वतः शेजारी जेवायला बसते. "खा ना, लाजतेस काय," असं म्हणणाऱ्या दहा जणींपेक्षा मला तिचा आधार वाटतो.

फाईल आता पेटीत नसते. पाकिटात एक चिठ्ठी आहे, सुनेने मोठ्या अक्षरात लिहिलेली: जबड्याला शेक दिलेला आहे, दात काढण्याआधी विचारा. खाली हॉस्पिटलचा केस नंबर. परवा डोळे तपासायला गेले होते, तिथेही आधी तीच पुढे केली.