करारात नसलेले मासे

कारंजे, रंगीत दिवे किंवा सिमेंटचा बगळा यांपैकी मला काहीही नको. बेडूक, चतुर, टाचण्या आणि खंड्या यांना निर्धास्तपणे उतरता यावे असे उतरत्या काठाचे, मातीच्या तळाचे लहानसे तळे हवे, हे मी ठेकेदारास तोंडी सांगितले होते, कागदावर रेखाटून दिले होते आणि करारनाम्यात स्वतंत्र कलमाने नमूद करून त्याखाली त्याची सहीही घेतली होती. तरीही जे घडले त्याचा दोष आमचे काही आप्त अद्याप माझ्या 'हौसे'वर ढकलतात. त्यांच्याकरिता, आणि बदलापूरच्या कात्रपमध्ये इमारतींच्या दाटीतही ज्यांच्या दारापुढे थोडी मोकळी जमीन शिल्लक आहे त्यांच्याकरिता, हा मजकूर लिहीत आहे.

आमच्या आवारात वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमात पाणी ठरत नाही. म्हणून तळाशी चिकणमातीचा जाड थर चोपून बसवावा असे ठरले होते. मी गावी गेलो असता ठेकेदाराने तेथे सिमेंटचा हौद उभा केला. चारही भिंती सरळ, आणि वरून गुळगुळीत घोटाई! अशा हौदात पडलेला बेडूक, सरडा किंवा चिचुंद्री बाहेर येऊ शकत नाही, दमून बुडून मरते, हे त्याला समजावताना माझा घसा कोरडा पडला. अखेर एक बाजू फोडून तेथे दगडमातीचा उतार करण्यास तो राजी झाला, तोही माझ्यावर उपकार करीत असल्याच्या आविर्भावात. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि ते पाणी जलचरांना सोसत नाही. म्हणून हौद पुनःपुन्हा भरून रिकामा करावा लागला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवूनच वापरावे. मी तर पन्हाळीचे पावसाचे पाणीच तळ्याकडे वळवले. कुमुद, वेखंड, ब्राह्मी आणि लव्हाळा मी स्वतः लावला.

पावसाळा सुरू झाला आणि एका सकाळी पाण्यावर ओणवलेल्या वेखंडाच्या पात्यांवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. झाडबेडूक आपली अंडी अशा फेसात घालतो. चार-सहा दिवसांनी फेस सैल होतो आणि पिले खाली पाण्यात गळतात. हे मी पुस्तकांतून वाचले होते, स्वतःच्या अंगणात पाहण्याचा योग प्रथमच येत होता. फेस सैल होऊ लागला तशी घरातील सर्व मंडळी काठाशी जमली. पहिले पिल्लू पाण्यावर पडले मात्र, खालून करड्या रंगाचे बोटाच्या पेराएवढे मासे झेपावले आणि त्यांनी ते लचके तोडून संपवले. दुसऱ्याचे तेच, तिसऱ्याचे तेच. मी तळ्यात एकही मासा सोडलेला नव्हता. आमची नात रडू लागली, आणि मला उलगडा झाला की माझ्या माघारी कोणीतरी या पाण्यात हात घातला आहे.

ठेकेदारास फोन केला. 'अहो काका, गप्पी सोडलेत, डासांसाठी. सगळीकडे तेच सोडतात. बेडकांसाठी का कोणी तळं बांधतं?' हे त्याचे शब्द मी विसरणार नाही. अंतिम बिलात 'डासप्रतिबंधक उपाय' या नावाखाली त्याने या माशांची रक्कमही लावली होती. ते गप्पीही नव्हते. ते गॅम्बुसिया निघाले. हा मासा मूळचा अमेरिका खंडातला. हिवतापाच्या निर्मूलनासाठी १९२८ च्या सुमारास तो भारतात आणला गेला आणि आज जगातील शंभर अतिउपद्रवी परक्या जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याच यादीत जलपर्णीही आहे, आणि तिचे चार गड्डेही शोभेसाठी म्हणून कोपऱ्यात सोडलेले सापडले! मोहन्याजवळ उल्हास नदीचे पात्र या वनस्पतीने झाकलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

शेजाऱ्यांची डासांविषयीची भीती मात्र मी क्षुल्लक मानत नाही. डेंग्यूचा डास प्रायः पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये वाढतो. ही भांडी रिकामी करून सुकवण्याचा आठवड्याचा कोरडा दिवस निष्ठेने पाळावा. जिवंत तळ्यात चतुरांच्या अळ्या आणि पाठीवर पोहणारे पाणकिडे डासांच्या अळ्या खातात. त्यांना जम बसण्यास अवधी द्यावा लागतो, आणि तो देण्याची तयारी नसेल तर तळे करूच नये.

आता इतरांसाठी. करारनाम्यात काय करावे याबरोबरच काय करू नये हेही लिहावे : मालकाच्या लेखी संमतीविना एकही मासा वा वनस्पती पाण्यात सोडू नये. मध्यभागी दोन-अडीच फूट खोली पुरते, पण एक काठ शून्यापासून उतरत गेला पाहिजे. एप्रिलात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून अर्ध्याअधिक पाण्यावर कुमुदाच्या पानांची सावली असावी. लहान मुले असल्यास कठडा हवा. बेडूक बाहेरून आणू नयेत, ते आपण होऊन येतात. झाडे ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावीत.

आमच्या तळ्यातल्या माशांचे पुढे काय झाले तेही सांगतो. गॅम्बुसियाची मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते, त्यामुळे एक गाभण मादी मागे राहिली तरी तळे पुन्हा भरते. जाळ्याने ते हटले नाहीत. शेवटी मे महिन्यात झाडे धुऊन पिंपांत हलवली, पाणी बागेत जिरवले आणि तळाची माती तडकेपर्यंत वाळू दिली, तेव्हा ते गेले. ठेकेदाराची उरलेली रक्कम मी अडवून ठेवली आहे आणि त्याबद्दल त्याने पाठवलेल्या नोटिशीस लेखी उत्तर दिले आहे.

ज्यांच्या हौदात हे मासे असतील त्यांनी ते दयेपोटीही ओढ्यात वा नदीत सोडू नयेत, आणि तळ्याचा सांडवा नाल्याला जोडू नये. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही तारखांचे पूर बदलापूरने पाहिले आहेत. अशा दिवशी अंगणातले पाणी कोणाच्याही परवानगीविना उल्हासला जाऊन मिळते.