दर आणि दार
सार्वजनिक इंटरनेट गरिबाला का परवडत नाही?



अकोले तालुक्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांमध्ये काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. शिष्यवृत्ती, वसतिगृहप्रवेश, जातीचा दाखला या सर्वांचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात. त्यामुळे इंटरनेटचा दर हा आपल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न झाला आहे. घरात मोबाइल असला तरी रिचार्ज दर महिन्याला होतोच असे नाही. दिवसाला दीड जीबीचा 28 दिवसांचा जिओचा पॅक जुलै 2024 मध्ये 239 वरून 299 रुपयांवर गेला. शिवाय लहानशा पडद्यावर कागदपत्रे जोडणे जमत नाही, म्हणून लोक बाहेरच्या केंद्राकडे वळतात. तिथे दर आकारण्याच्या तीन पद्धती आढळतात.

1. तासावर दर. सायबर कॅफेत ही पद्धत चालत आली. सराईत मुलगा अर्ध्या तासात अर्ज भरतो, तर पहिल्यांदाच कीबोर्डला हात लावणाऱ्या मुलीला दोन तास लागतात. म्हणजे जिला शिकण्याची गरज जास्त, तिलाच जास्त पैसे पडतात.

2. कामावर दर. आपले सरकार सेवा केंद्रात प्रत्येक दाखल्यामागे सेवाशुल्क असते. ते 2025 मध्ये 20 रुपयांवरून 50 रुपये झाले. केंद्रचालकाचेही पोट त्यावर चालते, हे खरे. पण 2025-26 मध्ये राज्यातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. तीन दाखले काढायचे म्हटले, तर जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी गेली; एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज वेगळाच. मग लोक अगदी अडल्यावरच केंद्रात जातात आणि तोवर अर्जाची मुदत संपत आलेली असते.

3. थोडा वेळ मोफत. रेल्वे स्थानकांवरील वायफाय 2016 पासून मोफत मिळू लागले. मार्च 2021 पासून रोजचा पहिला अर्धा तास मोफत आणि पुढे 10 रुपयांपासून दर, अशी व्यवस्था झाली. ही पद्धत मला चांगली वाटते, कारण पहिले पाऊल टाकायला पैसे लागत नाहीत. पण अकोल्यात रेल्वेच नाही!

मग गावातल्या दुकानातून स्वस्त वायफाय का मिळू नये? डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. अडचण अशी, की कंपन्या त्याच्याकडून घरगुती जोडणीच्या कितीतरी पट दर मागत. अखेर जून 2025 मध्ये ट्रायने 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. दुकानदाराला महाग पडले, तर गिऱ्हाइकाला स्वस्त मिळणार कुठून?

सगळेच मोफत ठेवावे, असेही माझे म्हणणे नाही. तसे केले की मोकळा वेळ असलेली मुले व्हिडिओ पाहत बसतात आणि घरकाम उरकून आलेली मुलगी रांगेतच राहते. माझ्या मते अर्ज व अभ्यास यांसाठी ठरावीक वेळ मोफत असावी, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, इतर वापराला लहानसा ठोक दर असावा आणि तो फळ्यावर लिहिलेला असावा.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आपण जाणतो. नाणे तेच असले तरी प्रत्येकाच्या कनवटीला त्याचे वजन निराळे असते. दर ठरवताना एवढे ध्यानात ठेवावे.

मंडळीत चर्चेसाठी
- आपल्या गावात एका अर्जाचा प्रवासासह एकूण खर्च किती येतो?
- मंडळीच्या सभागृहातील वायफाय प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना देता येईल काय?
- अर्ज भरायला शेजारी बसून मदत कोण करील?