मातृवंशाने येणारे जीवाणू

छत्तीसगड हा भाताचा प्रदेश होय. रायपूर शहरातील गुढियारी भागात, किंबहुना जेथे जेथे तांदूळ साठविला जातो तेथे तेथे, लांब सोंडेचा एक काळपट किडा हटकून आढळतो. त्यास सोंडा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सायटोफिलस ओरायझी. गृहिणी त्यास एक प्राणी समजून पाखडून टाकते. वस्तुतः तो दोन जीवांचा संसार असतो.

सोंड्याची मादी दाण्यास भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजविते. अळी व कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात. तांदळात पिष्ट पुष्कळ. परंतु फेनिलअॅलनीन व टायरोसीन ही अॅमिनो आम्ले अपुरी. कठीण बाह्यकवच घडविण्यास नेमकी हीच लागतात. ती सोडॅलिस नावाचे जीवाणू पुरवितात. अळीच्या आतड्यालगत त्यांच्यासाठी खास पेशींचा एक अवयवच असतो. प्रौढ किड्याचे कवच एकदा घट्ट झाले, की आतड्यातील हे जीवाणू नष्ट केले जातात. मादीच्या अंडाशयातील मात्र राखले जातात व अंड्यावाटे पुढील पिढीत उतरतात. नराच्या शरीरातील जीवाणूंना भवितव्य नाही.

उबदार व दमट हवेत, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानात, महिनाभर ठेवून प्रयोगशाळेत सोंड्यांना जीवाणुमुक्त करता येते. (अंगणात दोन दिवस ऊन दिल्याने हे घडत नाही.) अशा सोंड्यांची वाढ मंदावते, कवच फिकट व मऊ राहते आणि त्यांना उडता येत नाही.

ही सोबत फार जुनी नाही. सोंड्यांच्या पूर्वजांत नार्डोनेला नावाचा दुसराच जीवाणू होता. त्यास हटवून सोडॅलिसने जागा घेतली, आणि त्यास २८ हजार वर्षांहून कमी काळ लोटला असावा असा अंदाज आहे. एवढ्या अल्पावधीतच त्याची जवळजवळ निम्मी जनुके निकामी झाली आहेत. आयत्या घरात राहणाऱ्यास स्वतंत्र जीवनाची सामग्री लागत नाही. तीत बिघाड झाला तरी निवड त्यास दूर करीत नाही. शिवाय प्रत्येक अंड्यात थोडेच जीवाणू जात असल्याने दोष साचत जातात. मावा किडीतील बुक्नेरा हा जीवाणू या वाटेवर कितीतरी पुढे गेला आहे. त्याची सोबत पंधरा कोटी वर्षांहून जुनी असून जनुकसंच अवघ्या साडेसहा लाख अक्षरांच्या आसपास उरला आहे. सोंड्यातील सोडॅलिसचा जनुकसंच अद्याप पंचेचाळीस लाखांच्या घरात आहे.

उपयुक्त ठरणे हा टिकण्याचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग कपटाचा. हत्तीरोग पसरविणाऱ्या क्युलेक्स डासाच्या जातकुळीत हर्टिग व वोल्बाख यांना १९२४ साली एक जीवाणू आढळला. त्यास पुढे वोल्बाखिया हे नाव मिळाले. हा नराच्या शुक्रबीजात असा फेरफार करतो, की अंड्यातही वोल्बाखिया नसल्यास गर्भ दगावतो. जीवाणूयुक्त मादीला मात्र कोणताही नर चालतो. तिची संतती वाढत जाते, इतरांची घटते, आणि डासाचे काहीही भले न करता वोल्बाखिया पसरतो. १९६७ साली ब्रह्मदेशातील ओक्पो गावी लावेन यांनी अशाच विसंगत वंशाचे नर सोडले व तेथील क्युलेक्स डास नाहीसे करून दाखविले.

वोल्बाखियाची वंशावळ कीटकांच्या वंशावळीशी जुळत नाही; म्हणजेच क्वचित तो एका जातीतून दुसरीत उडी घेतो. डेंग्यूच्या एडीस इजिप्ती डासात तो निसर्गतः सहसा नसतो. तो या डासात असला तर विषाणूची वाढ खुंटते. म्हणून ही उडी माणसाने घडवून आणली. पुदुच्चेरी येथील कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने असे वोल्बाखियायुक्त वंश तयार केल्याचे २०२२ साली जाहीर केले.